लाल कानांची चाल : होनिनबो शुसाकु यांची जीवनकथा



थोरांच्या जीवनकथा म्हटलं की आपली यादी ठरलेली असते. परिपाठात त्याच पंधरा-वीस व्यक्ती वर्षभर फिरून फिरून येतात. आज मी तुम्हाला जरा लांबच्या माणसाची ओळख करून देणार आहे. हा माणूस राजा नव्हता, शास्त्रज्ञ नव्हता, संतही नव्हता. तो पटावरचा एक खेळ खेळायचा, आणि वयाच्या ३३ व्या वर्षी गेला. त्याला जाऊन दीडशेहून जास्त वर्षं झाली, तरी त्याचे डाव आजही जगभरातले खेळाडू पटावर मांडून अभ्यासतात. त्याचं नाव होनिनबो शुसाकु.

मला हे नाव कुठल्या पुस्तकात भेटलं नाही. आमच्या धायरीतलीच एक माजी विद्यार्थिनी आता कॉलेजात आहे. तिला जपानी कार्टून मालिकांचा भारी नाद. हिकारू नो गो नावाच्या मालिकेत ह्या शुसाकुचा उल्लेख येतो, ते तिनं मला धायरी फाट्यावर बसची वाट बघताना सांगितलं. घरी येऊन मी शोधत बसले आणि रात्रीचे साडेबारा कधी वाजले ते कळलं नाही.

आधी खेळ समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. खेळाचं नाव गो. चीनमध्ये दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी जन्मला, कोरिया आणि जपानमध्ये वाढला. पटावर १९ उभ्या आणि १९ आडव्या रेघा असतात. खडे चौकोनात ठेवायचे नसतात, रेघा जिथे एकमेकींना छेदतात त्या ठिकाणी ठेवायचे. आपली नवकंकरी आठवा. जुन्या देवळांच्या दगडी पायऱ्यांवर, लेण्यांत तिचे पट कोरलेले दिसतात, तिथेही कंकर रेघांच्या सांध्यावरच बसतो. गोमध्ये एकाकडे काळे खडे, दुसऱ्याकडे पांढरे. काळा पहिला खेळतो. एकदा ठेवलेला खडा सरकवायचा नाही. तो किंवा त्याचा गट चहूबाजूंनी पूर्ण कोंडला गेला तरच उचलला जातो. शेवटी ज्यानं आपल्या खड्यांनी जास्त मोकळी जागा घेरली तो जिंकला. जवळजवळ एवढेच नियम. तिसरीतल्या मुलांना ते दहा मिनिटांत समजतात, मी करून पाहिलं आहे. चिंचोके आणि पांढरे वाटाणे घ्यायचे, फरशीवर खडूनं ९ बाय ९ रेघा मारायच्या, झालं काम.

अवघड आहे ते निवडणं. बुद्धिबळात पहिली चाल २० प्रकारे करता येते. गोच्या मोठ्या पटावर पहिला खडा ठेवायला ३६१ जागा असतात. एवढ्या सगळ्यांचा विचार कोण करणार? कुणीच करत नाही. २०१६ साली कोरियाच्या ली सेडोल या नामवंत खेळाडूला ४-१ असं हरवणारा अल्फागो हा संगणक प्रोग्रामसुद्धा आधी बऱ्या वाटणाऱ्या थोड्या जागा वेचून काढायचा आणि मग त्यांचाच खोलात विचार करायचा. माणूसही तेच करतो. दोन-तीन, फार तर चार जागा मनाशी धरायच्या. त्यातल्या एकेका जागेवर मनातल्या मनात खडा ठेवायचा. मग समोरच्याच्या जागी जाऊन बसायचं आणि त्याचं सगळ्यात चांगलं उत्तर शोधायचं, आपल्याला सोयीचं असेल ते नव्हे. मग आपलं उत्तर, पुन्हा त्याचं. शेवटी जे चित्र उभं राहील त्यात कुणाची जागा किती, कुणाचा गट अडचणीत, हे मोजायचं. असं प्रत्येक जागेचं करायचं आणि मग हात उचलायचा.

आता यात मुलं कुठे चुकतात? पहिली जी जागा दिसली तिच्याच प्रेमात पडतात. बाकीच्या जागा नावाला बघतात. मोठी माणसंही असंच करतात, मीही केलं आहे. ते थोडं पुढे सांगते.

शुसाकुचा जन्म जून १८२९ चा. म्हणजे आपल्याकडे पेशवाई जाऊन ११ वर्षं झाली होती आणि सावित्रीबाई फुले जन्माला यायला अजून दीड वर्ष होतं. जपानच्या दक्षिणेकडच्या समुद्रात इन्नोशिमा नावाचं बेट आहे, आज ते हिरोशिमा जिल्ह्यात येतं. त्या बेटावर तो जन्मला. घरचं नाव तोराजिरो. तोरा म्हणजे वाघ. त्याच्या आईला गो येत होता आणि पहिले धडे त्यानं आईकडूनच घेतले. रडणाऱ्या पोराच्या हातात गोचे खडे दिले की तो गप्प व्हायचा, अशी गोष्ट सांगतात. आपल्याकडे आता मोबाइल देतात.

पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत आसपासच्या मोठ्या माणसांना तो हरवू लागला. जवळच मिहारा नावाचा किल्ला होता. तिथले सरदार असानो स्वतः खेळाचे शौकीन. त्यांनी ह्या पोराबरोबर खेळून पाहिलं आणि त्याचा सांभाळ करायचं ठरवलं. एका मंदिरातल्या भिक्षूकडे त्याचं शिक्षण सुरू झालं. आणि १८३७ साली, आठ वर्षांच्या वयात, त्याला एदोला पाठवण्यात आलं. एदो म्हणजे आजचं टोकियो. बेटापासून सातशे किलोमीटरहून जास्त अंतर. रेल्वे नाही, मोटार नाही.

इथे मी वाचताना थांबले. माझी मुलगी आता पहिलीत आहे. शाळेची सहल सिंहगडावर गेली तरी संध्याकाळपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. त्या आईनं काय काय विचार केला असेल? चरित्रांमध्ये मुलाच्या हुशारीबद्दल पानंच्या पानं असतात, ह्या निर्णयाबद्दल एक ओळ.

मघाशी म्हटलं ते आता सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्या चौथीच्या एका मुलाचे वडील शाळा सुटताना भेटायला आले. मुलगा गणितात हुशार, शिष्यवृत्तीच्या तयारीचा. लांबच्या एका निवासी शाळेत त्याचा नंबर लागत होता. घालू का, असं त्यांनी विचारलं. मी वर्गाला कुलूप लावता लावता म्हणाले, घालाच, संधी सोडू नका. पुरा एक मिनिटही लागला नसेल. दिवाळीच्या सुट्टीत मुलगा घरी आला तो परत गेला नाही. रात्री अंथरूण ओलं व्हायचं, मुलं हसायची, त्यानं दोन महिने घरी कुणाला सांगितलं नव्हतं. त्याची आई मला हे सांगत होती तेव्हा तिनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. तेच जास्त लागलं. एक वर्ष थांबलं तर काय? धायरीत, वडगावात दुसरी बरी शाळा आहे का? मुलाला स्वतःला काय वाटतं? यातलं काहीच मी विचारलं नव्हतं. पटावर मला एकच जागा दिसली होती आणि तिथेच मी खडा ठेवून मोकळी झाले. शिवाय खडा दुसऱ्याचा होता.

असो. तोराजिरो मात्र एदोत टिकला.

त्या काळी जपानमध्ये सम्राट क्योतोला असायचा पण सत्ता एदोच्या शोगुनकडे. साताऱ्याला छत्रपती आणि पुण्यात कारभार पेशव्यांकडे, तसंच म्हणा ना. ह्या शोगुनांनी गोला राजाश्रय दिला होता. आपल्या गायकीत असतात तशी गोची चार घराणी होती: होनिनबो, इनोउए, यासुई आणि हायाशी. घराण्याचा एक प्रमुख, त्याच्या घरी राहून शिकणारे शिष्य, आणि घराण्याघराण्यांत चुरस. तोराजिरो सर्वांत मानाच्या होनिनबो घराण्यात दाखल झाला. तेव्हाचे प्रमुख जोवा. त्यांनी हा मुलगा घराण्याचं नाव काढेल असं ओळखलं होतं, असं सांगतात. दहा-अकरा वर्षांचा असताना त्याला पहिला डॅन मिळाला. कराटेमुळे डॅन हा शब्द आपल्या मुलांनाही माहीत आहे, तोच हा. पुढे त्याला शुसाकु हे नाव मिळालं. मधूनमधून तो घरी जायचा, आईवडिलांना आणि असानोंना भेटायचा, पुन्हा एदोला परतायचा.

आता येतो १८४६ सालाकडे. शुसाकु १७ वर्षांचा, चौथ्या डॅनचा. घरून एदोला परतताना वाटेत ओसाकाला थांबला. तिथे गेन्नान इनसेकी भेटले. हे इनोउए घराण्याचे प्रमुख, वय पन्नाशीच्या आसपास, आठव्या डॅनचे. ह्याच गेन्नानची सर्वोच्च पदावर बसायची इच्छा काही वर्षांपूर्वी होनिनबो घराण्यातल्या शुवानं त्यांना हरवून मोडून काढली होती. आणि शुवा म्हणजे शुसाकुचा थोरला गुरुबंधू, पुढे त्याचा गुरू झाला तो. म्हणजे बघा, समोर बसलेल्या पोराकडे बघताना गेन्नानच्या मनात काय काय असेल.

दर्जात इतका फरक असला की कमी दर्जाच्या खेळाडूला पटावर आधीच दोन खडे ठेवू देतात. तसा पहिला डाव सुरू झाला. थोड्याच वेळात गेन्नानच्या लक्षात आलं की ह्या मुलाला दोन खड्यांची सवलत देऊन आपला निभाव लागायचा नाही. तो डाव त्यांनी अर्धवट सोडला आणि सवलतीविना पुन्हा मांडायला सांगितलं. शुसाकुकडे काळे खडे, म्हणजे पहिली चाल त्याची, बाकी बरोबरी. मोठ्या माणसानं असा डाव मोडून बरोबरीनं मांडणं हाच केवढा मान होता! (मला तर वर्गात फळ्यावरचं गणित चुकलं हे कबूल करायलाही जड जातं.)

हा दुसरा डाव एका बैठकीत संपला नाही, मध्ये थांबत काही दिवस चालला. सुरुवातीलाच एका कोपऱ्यात गेन्नाननी आपल्या घराण्यात राखून ठेवलेली एक नवी चाल काढली. जपानमधल्या घराण्यांत अशा चाली बाहेर जाऊ देत नसत. शुसाकुनं ती कधी पाहिलेलीच नव्हती. तो चुकला. कोपऱ्यात त्याचं नुकसान झालं आणि त्या वेळी गो जाणणाऱ्या कुणीही गेन्नान जिंकणार असंच म्हटलं असतं. त्यानंतर शंभरेक चाली शुसाकु हळूहळू ती तूट भरून काढत होता. यात नाट्य काही नाही. इकडे एक गुण, तिकडे अर्धा.

मग आली १२७ वी चाल.

ह्या वेळी पटाची स्थिती अशी होती. खालच्या बाजूला काळ्याचे चार खडे अडचणीत होते. वरच्या बाजूला काळ्याची जागा तयार होत होती पण पक्की नव्हती. उजवीकडे पांढऱ्याची फळी भक्कम होती आणि डावीकडेही पांढऱ्याची जागा होती. आता तुम्ही शुसाकुच्या जागी बसा. डोळ्यांसमोर कुठल्या जागा येतील? एक तर खालच्या चार खड्यांना सोडवायला पळा. नाहीतर वरची जागा पक्की करून घ्या. किंवा डावीकडे पांढऱ्याच्या जागेत घुसा. तिन्ही चाली शहाण्यासारख्या आहेत. पण प्रत्येकीचं उत्तर शोधा: खाली पळालो तर पांढरा वर येऊन बसतो. वर बांधकाम केलं तर खालचे चार खडे जातात. डावीकडे घुसलो तर तिथे मारामारी पेटते आणि बाकीचं सगळं तसंच उघडं राहतं.

शुसाकुनं खडा ठेवला पटाच्या मध्यभागाजवळ. खालच्या खड्यांपासून लांब, वरच्या जागेपासूनही लांब. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं की मुलगा भरकटला. पण तिथून तो खडा वरची जागा फुगवत होता, खालच्या चौघांकडे मदतीचा हात करत होता, उजवीकडच्या भक्कम फळीचा जोर कमी करत होता आणि डावीकडेही त्याचा डोळा होता. एकेका कामासाठी त्याहून चांगली जागा होती. चारही कामं एकाच वेळी करणारी जागा ती एकच.

खोलीत गेन्नानचे शिष्य होते, बघे होते. आपले गुरुजी जिंकताहेत अशी त्यांची खात्री. तिथे एक वैद्यही बसला होता. त्याला खेळातलं फारसं कळत नव्हतं. तो म्हणाला की मला वाटतं गेन्नान हरणार. लोकांनी कारण विचारलं. त्यानं सांगितलं की काळ्याची ती चाल झाली आणि गेन्नानचे कान लाल झाले. माणूस आतून हादरला की असं होतं.

म्हणून त्या चालीला आजही जपानी भाषेत लाल कानांची चाल म्हणतात. डाव ३२५ चालींपर्यंत गेला आणि शुसाकु २ गुणांनी जिंकला.

मला ह्या सगळ्यात तो वैद्य फार आवडतो. आपणही वर्गात हेच करतो ना? मुलाच्या वहीतलं उत्तर बघायच्या आधी त्याच्या कानांकडे, मानेकडे, पेन्सिल धरलेल्या बोटांकडे आपलं लक्ष जातं. डी.एड.ला असताना सराव पाठात आमच्या निरीक्षक बाई फळ्याकडे न बघता मुलांकडेच बघत बसायच्या, तेव्हा मला राग यायचा. आता येत नाही.

एदोत परतल्यावर शुसाकुचं नाव झालंच होतं. शुवा आता घराण्याचे प्रमुख झाले होते आणि वारस म्हणून त्यांनी शुसाकुला निवडलं. शुसाकुनं नाही म्हटलं. कारण काय? तो मिहाराच्या असानोंचा आश्रित. त्यांनी लहानपणापासून सांभाळलं, शिकवलं. होनिनबोंचा वारस झालं की कायमचं त्या घराण्याचं व्हावं लागणार, मग असानोंच्या उपकारांचं काय? एकीकडे देशातलं सर्वांत मोठं घराणं, दुसरीकडे आपल्या बेटाशेजारचा एक सरदार. दुसऱ्या कुणी दोनदा विचार केला नसता. अखेर बोलणी झाली, असानोंची संमती मिळाली, आणि १८४८ साली शुसाकु वारस झाला. त्याच वर्षी जोवांची मुलगी हाना हिच्याशी त्याचं लग्न झालं. १८४८ हे साल आपल्या पुण्याच्या शिक्षकांना वेगळं सांगायला नको, बुधवार पेठेत भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली ते हेच साल.

शुवांशी खेळताना शुसाकुनं शेवटपर्यंत पांढरे खडे घेतले नाहीत. पांढरे घ्यायचे म्हणजे मी तुमच्या बरोबरीचा किंवा वरचढ आहे असं म्हणणं. त्याची ताकद तेवढी होती, हे शुवांनाही माहीत होतं. आपल्याकडच्या गवयांना हे सांगितलं तर त्यांना अजिबात नवल वाटणार नाही.

पुढची वर्षं भरभराटीची. वर्षातून एकदा शोगुनच्या किल्ल्यात चारही घराण्यांचे खेळाडू डाव मांडायचे. हे डाव बरेचदा आधीच खेळून ठेवलेले असायचे आणि शोगुनसमोर फक्त पुन्हा मांडले जायचे, कारण खरा डाव दिवसभर चालायचा आणि शोगुनला एवढा वेळ कुठला! १८४९ ते १८६१ ह्या काळात शुसाकु अशा १९ डावांत उतरला आणि १९ च्या १९ जिंकला. एकही हार नाही. दुसऱ्या कुणाला हे जमलेलं नाही. १८५३ साली ओता युझो नावाच्या मुरलेल्या खेळाडूबरोबर ३० डावांची मालिका ठरली. ओतानं सुरुवातीला चांगली टक्कर दिली, पण शुसाकु पुढे जात राहिला आणि २३ डावांनंतर मालिका थांबली.

काळे खडे घेऊन खेळताना शुसाकुची सुरुवात ठरलेली असे. त्यातली एक चाल त्याच्या नावानं प्रसिद्ध आहे. कोपऱ्यात आपल्याच खड्यापासून कर्णरेषेत फक्त एक घर पुढे. दिसायला अगदी साधी, हळू. झेप घेणारी दुसरी चाल समोर दिसत असताना तो ही एक पाऊल टाकणारी निवडायचा, कारण ह्या दोन खड्यांना तोडता येत नाही आणि दोन्हीकडे बघता येतं. विसाव्या शतकात खेळाचे नियम बदलले, पांढऱ्याला पहिल्या चालीची भरपाई म्हणून जादा गुण मिळू लागले, तेव्हा ही चाल फार संथ म्हणून मागे पडली. आता संगणकांनी ती पुन्हा वर आणली आहे. हे वाचून मला का कोण जाणे फार बरं वाटलं.

आता शेवटचं वर्ष, १८६२.

एदोत पटकी पसरली. कॉलरा. लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टरनं १८५४ साली पाण्यातून रोग पसरतो हे दाखवून दिलं होतं, पण ते अजून सगळीकडे पोचलं नव्हतं आणि जंतू ओळखायला तर आणखी वीसेक वर्षं जायची होती. त्यामुळे रोग कसा येतो तेच लोकांना नीट माहीत नव्हतं. होनिनबोंच्या घरात राहणारे शिष्य एकेक करून आजारी पडू लागले. शुसाकु त्यांची सेवा करायला बसला. शुवांनी त्याला आवरायचा प्रयत्न केला. घराण्याचा वारस तो, त्याला काही झालं तर पुढे काय? त्यानं ऐकलं नाही.

जानेवारी २०२५ मध्ये आपल्या सिंहगड रोडच्या पट्ट्यात, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी ह्या भागात जीबीएसचे रुग्ण सापडायला लागले ते दिवस तुम्हाला आठवत असतील. पाणी उकळून प्या, बाहेरचं खाऊ नका, एवढंच आम्ही मुलांना सांगत होतो. प्रत्येक बाटली बघून मनात शंका यायची. एका मुलाच्या हाताला मुंग्या आल्या म्हणून मी त्याला दवाखान्यात घेऊन गेले, तर तो हातावर डोकं ठेवून झोपला होता एवढंच कारण निघालं. तो हसत होता आणि माझे पाय लटपटत होते. आपल्याला निदान रोगाचं नाव माहीत होतं, मोठे दवाखाने होते. शुसाकुकडे काय होतं? पाण्याचं भांडं आणि ओलं फडकं.

पटावर मांडून बघितलं तर त्याच्यासमोरही चाली होत्याच. बायकोला घेऊन इन्नोशिमाला निघून जायचं. आजारी शिष्यांसाठी माणसं ठेवायची आणि स्वतः लांब राहायचं. किंवा जे केलं ते. त्याच्यासारखा दहा चाली पुढचं बघणारा माणूस, त्यानं ह्याचा विचार केला नसेल असं मी मानत नाही. शुवांनी तर तो त्याच्या तोंडावर मांडला होता.

त्या साथीत घरातले शिष्य वाचले असं सांगतात. शुसाकु गेला. तो ३३ वर्षांचा होता.

शुवांची बाजू मला खोटी वाटत नाही. पुढच्या सहा वर्षांत, १८६८ साली शोगुनांची सत्ता संपली, घराण्यांचे तनखे थांबले, आणि होनिनबो घराण्याचे फार हाल झाले. अशा वेळी शुसाकु असता तर? हा प्रश्न गो खेळणारे लोक आजही विचारतात. मी मात्र हे वाचताना सारखी १८९७ सालच्या पुण्यात जात होते. प्लेगच्या साथीत सावित्रीबाई रुग्णांची सेवा करत होत्या, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. त्यांचं वय ६६ होतं. त्यांनाही कुणीतरी सांगितलंच असेल ना, की तुम्ही लांब राहा. ही चाल बरोबर होती की चूक, हे मला मोजता येत नाही. गोमध्ये शेवटी जागा मोजायची सोय असते.

होनिनबो हे घराण्याचं नाव पुढे जपानमधल्या एका मोठ्या स्पर्धेचा किताब झालं. २००४ साली जपानच्या गो संस्थेनं सन्मान दालन सुरू केलं तेव्हा पहिल्या चार नावांत शुसाकु होता. इन्नोशिमा बेटावर त्याच्या नावाचं स्मारक संग्रहालय आहे. आणि त्याचे शेकडो डाव चालीनिशी लिहून ठेवलेले आहेत, कुणालाही मांडता येतात.

आम्ही मांडला. आनंददायी शनिवारी मी मोठ्या कागदावर १९ बाय १९ रेघा मारून घेतल्या. रेघा मारण्यातच एक तासिका गेली, पण पट्टी धरून समांतर रेघा मारायचा सराव झाला, गणिताच्या खात्यात टाकून दिला. मग गेन्नानबरोबरचा तो डाव १२६ व्या चालीपर्यंत चिकटवला. काळ्यांसाठी काळ्या टिकल्या, पांढऱ्यांसाठी पंचिंग मशिनमधून निघालेल्या कागदाच्या गोल चकत्या. तुम्ही करणार असाल तर पार्श्वभूमीला खाकी कागद घ्या, पांढऱ्यावर चकत्या दिसत नाहीत. आमचा पहिला कागद त्यामुळेच वाया गेला. मुलांना एवढंच सांगितलं की आता काळ्याची पाळी आहे, प्रत्येकानं तीन जागा शोधायच्या आणि प्रत्येक जागेला पांढरा काय उत्तर देईल ते वहीत लिहायचं. एकच जागा लिहिलेली वही मी घेणार नाही.

पहिल्या पाच मिनिटांत बहुतेकांच्या तीनही जागा शेवटच्या पांढऱ्या चकतीला चिकटून होत्या. दोघांनी चारही कोपरे धरले. एकानं विचारलं की पांढऱ्याचं उत्तर आपल्याला आवडेल ते लिहायचं का त्याला आवडेल ते, आणि मग वर्गात त्यावरच बराच वाद झाला. निवासी शाळेतून परत आलेला तो मुलगा आता जवळच्याच शाळेत सहावीत आहे, त्याची धाकटी बहीण माझ्या वर्गात आहे. तिला न्यायला तो आला होता. तो दारातच दप्तर ठेवून कागदाकडे बघत उभा राहिला. बहीण चल म्हणत होती, पण तो हलेना. शेवटी त्यानं वहीतलं एक पान मागून घेतलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

तिसरीतल्या एका मुलीनं बोट पटाच्या मधोमध नेलं, क्षणभर तिथे धरलं, आणि इथे तर जवळपास काहीच नाही असं म्हणून मागे घेतलं. मी काही बोलले नाही. १२७ वी चाल येत्या शनिवारी चिकटवायची आहे.